मोहाखालचा पाचोळा

दावीदच्या बाबांना,

तुम्ही कामावरून याल तेव्हा आम्ही घरी नसू. आईला ताप आला आहे, म्हणून दावीदला घेऊन तिच्याकडे जाते. रविवारी येईन. भाकरी टोपलीत आहे. कोंबड्या आठवणीनं कोंडा.

लाकूड ठेकेदाराचं पत्र बायबलात ठेवलंय. ब्रह्मदेशात तीन वर्षं, आणि बायकापोरांना नेता येणार नाही, हे मी पुन्हा वाचलं. पहाटे स्वप्न पडलं. धुक्यातून हत्ती सागाचे ओंडके नदीत ढकलत होते आणि तुम्ही काठावर मोजत उभे होता. मी हाक मारली, तर आवाज मोहाच्या फुलांसारखा माझ्याच पायाशी टपटप पडत राहिला. फार सुंदर नदी होती. मला आवडली नाही.

जा की राहा, मी सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका, तुम्हाला बोलणं जमत नाही. आपल्या मोहाखालचा पाचोळा अजून तसाच आहे आणि फुलं आठवड्यात गळू लागतील; वेचायची तर खालची जमीन आधी झाडून हवी. राहणार असाल तर झाडून ठेवा. येताना मी त्याच वाटेनं येईन आणि बघेन.

चिठ्ठी मुद्दाम खराट्याला बांधली आहे. वाचताना तो हातात असू दे.

रेवा