पुस्तक जरा खाली धर

मोल्दे, २१ नोव्हेंबर १९८३

प्रिय योरून,

मी ठीक आहे. तूही असशील, आणि तुझ्या बहिणीचा, तोर्दिसचा, गुडघाही.

गेल्या गुरुवारच्या माझ्या एका हसण्यापायी घरातून काय काय गेलं ते मांडून पाहिलं. तू, तुझा करडा कोट, चष्म्याचं घर, खिडकीतली कुंडी. यादीत मांजरही धरली होती, पण ती जेवायच्या वेळेला परत आली. तिला माझ्या स्वभावाशी काही देणंघेणं नाही.

धक्क्यावर आस्किल समोर येऊन म्हणाला, "बाई बहिणीकडे गेल्या वाटतं?"

"हवापालटाला."

"नोव्हेंबरात?"

मी म्हटलं, तू माझ्या घरात डोकावू नकोस, तुझ्या बोटीचा तिसरा सिलिंडर गेलाय तो बघ. उघडलं तर तिसराच. चौदाव्या वर्षी शाळा सुटली माझी, पण या दोन कानांवर कारखाना उभा केला, मोल्देत कोणालाही विचार.

गुरुवारी जाताना तू दारात वळून म्हणालीस, "पुस्तकातलं पोर बुडालं आणि तू हसलास, हालवोर. इतकी वर्षं शिकवलं, पण असा निर्दय विद्यार्थी पाहिला नाही." मी मान डोलावली. हल्ली तेवढंच करतो.

ते पोर बुडालं हे मला तू गेल्यावर कळलं. पान काढून, ओळीखाली बोट ठेवून वाचलं, आणि स्वयंपाकघरात बसून रडलो. वाचता मला येतं, तूच शिकवलंस. पण माझं सुख कधी पुस्तकात नव्हतं, ते तुझ्या वाचण्यात होतं. आता जेवण झालं की तुझ्या खुर्चीसमोर बसतो आणि काय करावं ते सुचत नाही.

उन्हाळ्यात तू नवा चष्मा केलास. आधी पुस्तक मांडीवर असायचं, आता तोंडासमोर धरतेस. परत आलीस तर पुस्तक जरा खाली धर, एवढंच मागणं आहे. तुझे ओठ दिसायला हवेत.

घे, लिहून टाकलं.

संध्याकाळच्या वर्गाचा पहिला दिवस आठवतो? आम्ही तेलकट हातांचे बाप्ये पोरांच्या बाकांवर कोंबून बसलेलो. तू म्हणालीस, "समजलं नाही तर हात वर करा. ज्या वर्गात कोणी हात वर करत नाही, तिथे शिकवणाराच नापास." सगळ्यात जास्त हात मी वर केले, पुष्कळदा समजलेलं असूनही, तू बाकाजवळ यावीस म्हणून. आणि खरंच काही कळेनासं झालं तेव्हा मात्र दोन वर्षं नुसती मान डोलावत बसलो. तुला वाटलं, माझं मन निबर झालं. मला वाटत होतं, बहिऱ्याला कोण वाचून दाखवतं?

तू होतीस तेव्हा घरात आवाज होता आणि मला तो येत नव्हता. आता आवाजच नाही. हा फरक मला कळतो, योरून. कसा ते विचारू नकोस.

मी हात वर केलाय. शनिवारच्या बोटीने ये. मी धक्क्यावर असेन, त्यानंतरच्या शनिवारीही. यायचं नसेल तर पत्राने कळव. फोन वाजलेला मला कळत नाही.

शेवटच्या बाकावरचा, तुझाच
हालवोर

ता.क. आस्किलचा सिलिंडर मी कानांनी ओळखला नाही. इंजिनावर तळहात ठेवला होता.