खंडेनवमीची जीप

अहमदपूर,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

चि. हनुमंत यास,
थोरल्या भावाचे आशीर्वाद.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. रोज सकाळी लातूरच्या गाडीत कंडक्टरजवळ मी जो डबा देतो, त्याचं झाकण गेल्या सहा दिवसांत तीनदा बदलून आलं. काल आलेल्या झाकणावर ‘शिवप्पा’ असं कोरलेलं आहे. हे शिवप्पा कोण, कोणत्या वॉर्डात आहेत, आणि परक्याच्या झाकणाचा मोह त्यांना का व्हावा, याची चौकशी तू करावीस. माणसानं शब्द आणि भांडी सांभाळावीत, असं मी वर्गात सांगत आलो. शब्दांचं पुढं येईलच.

दुसरं, परवाचं वरण आंबलेलं होतं म्हणे. तुझी वहिनी केवळाबाई फोनवर ओरडली, “नाक कुठं गहाण टाकलंव का? उघडल्या उघडल्या भपकारा आला!” मी एसटीतल्या उकाड्यावर ढकललं. स्वयंपाक ही विद्या मी पन्नाशीत शिकतो आहे; ती तिकडं दवाखान्यात तुझ्या शीलापाशी बसलेली, मग इथं दुसरं कोण शिजवणार?

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू नुसतं “हं दादा, हं दादा” म्हणतोस. कागद हुंकार देत नाही, हे बरं.

इकडचं क्षेम आहे. सोयाबीन मळून झालं. तुझी जीप कडुनिंबाखाली तशीच काळी उभी आहे. तिच्या सीटच्या सांगाड्यात कोंबडी खुडूक बसली आहे. एवढा खर्च करून केलेली गाडी कुणाच्या तरी उपयोगी पडली.

ती जीप तू लिलावातून आणलीस तेव्हाच मी म्हणालो होतो, हे वाहन नव्हे, हा पेट्रोलचा घट आहे, फक्त तळाला भोक आहे. पण पावसाळ्यात आपल्या काळ्या रानातून नदीकाठापर्यंत तीच जायची, चारही चाकांनी चिखल तुडवत, हे मान्य. मग तुला निलंग्याचा वीरण्णा मिस्त्री भेटला आणि जीप प्रोपेनवर करायचं ठरलं. त्यानं मला समजावलं होतं, “गुरुजी, ह्यो आपल्या शेगडीतल्या गॅसचा चुलत भाऊ. थंडीत बी दम सोडत न्हाई. पर हवेपेक्षा जड. गळला की खाली बसतंय, वाट बघत.” मला ते वर्णन आवडलं होतं. चुलत भावांविषयी माझंही तेच मत आहे.

मागची सीट काढून त्यानं टाकी बसवली, नळ्या ओढल्या. खंडेनवमीला तू नारळ आणि पेढे आणायला गावात गेलास आणि पूजेच्या तयारीला आम्ही तिघं राहिलो. तू आलास तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मधल्या अर्ध्या तासाचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तूही कधी नीट विचारलं नाहीस, दादा सांगतो म्हणजे तसंच असणार.

वीरण्णा जुन्या दाढीच्या कुंचल्यानं एकेका जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघत होता. सगळे जोड त्यानं पाहिले. टाकीमागच्या एका जोडापर्यंत कुंचला जाईना. टाकी परत सोडवावी लागली असती.

“गुरुजी, माझं नाक तपकिरीनं कवाच मेलंय,” तो म्हणाला. “तुमी वाकून वास घ्या की जरा. येत असला तर टाकी काढतो, तासाभराचं काम हाय.”

मी वाकलो. विद्वानाला शोभेल इतका वेळ वाकलो आणि म्हणालो, “निर्गंध.”

“म्हंजे?”

“म्हणजे कसलाही वास नाही. राहू दे टाकी, चालू कर.”

तेवढ्यात शीला पूजेचं ताट घेऊन आली. दोन पावलांवरच थांबली. “भावजी, गॅसचा वास यायलाय.”

मी म्हणालो, “शीला, लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुला या घरात कसला ना कसला वास येतोच. दुधाला येतो, माझ्या पोथ्यांना येतो. आज जीपला आला.”

वीरण्णा हसला. तीही ओशाळून हसली, मग पुन्हा म्हणाली, “थट्टा नका करू. हे येऊ द्या, मग लावू कापूर.”

“वेळ टळते आहे. हनुमंताचा नारळ मागून फुटेल. लाव.”

माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेली नाही, हे तुला माहीत आहे. तिनं डोक्यावर पदर घेतला, कापूर पेटवला आणि चाकाखालच्या लिंबांना ओवाळायला ताट खाली नेलं. मी मंत्र म्हणत होतो. पुढं काय झालं ते तिच्या तोंडावर आणि हातांवर लिहिलेलं आहे.

तू धावत आलास, “काय झालं दादा?” म्हणालास. मी वीरण्णाकडं बोट केलं. “याला विचार.” इतकंच. हातातल्या नारळानंच तू त्याचे दोन दात पाडलेस. तो “गुरुजी, सांगा की! गुरुजी!” म्हणत होता. मी शीलावर घोंगडी टाकत होतो, म्हणजे मला सवड नव्हती. नंतर ठाण्यात जबाब दिला, की मिस्त्रीनं जोड तपासला नाही. हवालदाराचे ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि सही केली. वीरण्णा अजून आत आहे.

काल त्याची बायको जगदेवी आली होती. पायरीवर बसली. “गुरुजी, तुमी तिथंच होताव. तुम्हाला इचारूनच चालू केलं म्हणत्यात ह्ये. तेवढं खरं बोला, मी दुसरं काय मागंना.” मी तिला म्हणालो, बाई, खरंखोटं कोर्ट ठरवतं. ती उठली. अंगणात त्याचा तो कुंचला पडला होता, तो पदरानं पुसला आणि घेऊन गेली.

हनुमंता, २०२१ सालच्या त्या तापानंतर मला वास येत नाही. दुधाचा नाही, फुलांचा नाही, गॅसचाही नाही. घरात कुणाला सांगितलं नाही. गंध हे पृथ्वीचं लक्षण, असं पोरांना शिकवणारा मास्तर. गावभर सगळ्यांची थट्टा करून हिंडतो, मग माझ्या नाकाची थट्टा गावानं किती वर्षं केली असती? त्या दिवशी वीरण्णाला “मला वास येत नाही” एवढं म्हणायचं होतं. तासाभराचं काम होतं.

मागच्या गुरुवारी डॉक्टर म्हणाले, शीलाच्या गळ्यातली नळी काढली तरी आवाज परत येईलच असं नाही. तू भिंतीला टेकून खाली बसलास. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होतो. त्या वेळी मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

परवा नळी निघणार. हे पत्र डब्यात भाकरीखाली ठेवायचं की चुलीत घालायचं, ते मी परवा दुपारी ठरवीन.

दवाखान्यात मला जो तो विचारतो, गुरुजी, फार काळजीत दिसता. आहे. शीलाला आवाज येईल, याची काळजी आहे.

तू ज्याला दादा म्हणतोस तो,
भागवत