'कुठून आले'चा रकाना

गोजराबाई,

रस्त्याच्या रुंदीकरणात तुयं घर गेलं, तवा पोहरादेवीतल्या माया सोताच्या लॉजवर तुले खोली देली. पण यात्रेकरूसारखं रजिस्टर पुढं सरकवलं. सख्ख्या बहिणीले! 'कुठून आले'च्या रकान्यात तू लिवलं, 'इथूनच'. तरी यात्रा भरली तसं मीच म्हटलं, "बाई, आठ दिवस खोली खाली कर." तू कामरगावले लेकीकडं गेली, ते वापस आलीच नाही.

आता लॉज बंद केला. घरं गेलेल्या लोकायले खोल्या कायमच्या राहाले देल्या. तीन नंबरची तुयी ठेवली. लोक मले देवमाणूस म्हणून राह्यले, अन् मी मान खाली घालतो.

आजवर तुले पत्र टाकलं नाही. पाकिटामागं मले बी 'कुठून' ते लिहा लागते. ज्या गावातून मीच तुले काढलं, त्याचं नाव माया हातानं लिवल्या जात नाही.

तुया लहाना भाऊ,
पंजाब