लातूरच्या हवेतला अमोनिया

७ एप्रिल १९८६
आजपासून दोन संकल्प. एक, रोज पहाटे गोठ्यातलं शेण स्वतः काढायचं. (दुष्काळ म्हणून सासऱ्यांनी निलंग्याहून तीन म्हशी आमच्या अंगणात आणून बांधल्यात. लई वैताग.) दोन, लातूरच्या हवेचं संशोधन. मुंबईला प्रदूषण हाय, मग आपला जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, आपल्याला का न्हाई? शाळेत मी नुसता लॅब अटेंडंट. मी कोण ते कळू द्या सगळ्यांना.

८ एप्रिल
उशिरा जाग. गोठा उद्या.
लॅबमधून लाल लिटमस आणला. ओला कागद निळा पडला की हवेत अमोनिया. नळ आठवड्यातून एकदा, घरात ओली जागा एकच, म्हशींच्या मागं. तिथंच टांगला.
संध्याकाळी : निळाशार! अंगावर काटा आला.

९ एप्रिल
पुन्हा निळा. डोळे चुरचुरतात. गुन्हेगार सापडला : घरामागचा बर्फाचा कारखाना. तिथं मशीनमध्ये अमोनियाच असतो.
महानंदा म्हणते, आधी म्हशीखालचं काढा, मग शहराचं बघा. बायकोला सायन्स कळत न्हाई. गोठा रविवारी, नक्की.

११ एप्रिल
जिल्ह्याच्या ऑफिसात निनावी अर्ज टाकला. 'लाखभर नागरिकांचे प्राण धोक्यात.' अक्षर फार सुरेख आलं.

१५ एप्रिल
चौकशी होईपर्यंत कारखाना बंद! माझ्या एका अर्जावर!
शेजारचा मन्मथ तिथं मशीनवर हाय. रोज तिथल्या बोअरच्या दोन घागरी आम्हाला आणून द्यायचा. आज रिकाम्या हातानं आला. म्हणाला, सर, पुढल्या महिन्यात पोरीचं लगीन हाय, कोण्या मेल्यानं तक्रार केली की. तुमी शिकलेले, कारखाना चालू करा म्हणून एक अर्ज लिहून द्या.
अख्ख्या लातुरात तो एकटाच मला सर म्हणतो. न्हाई कसं म्हणू? दिला लिहून. हाही सुरेख उतरला.
पाणी न्हाई, तर गोठा कसा धुणार? माझा दोष न्हाई.

१९ एप्रिल
चौकशीला जिल्ह्याचे साहेब कारखान्यात आले. मन्मथनं गंधकाची कांडी पेटवून पाइपापाइपावरून फिरवली. अमोनिया गळत असला की पांढरा धूर निघतो म्हणे. निघाला न्हाई. मी पुढं होऊन सांगितलं, माझ्याकडं शास्त्रीय पुरावा हाय, घरी चला.
गेलो. मन्मथ पेटती कांडी घेऊन मागोमाग. गोठ्यात पाय टाकला आन धूरच धूर. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, विचारलं, हे शेण कधी काढलं होतं? मी म्हणालो, संकल्प हाय.
मग त्यांनी फायलीतले दोन अर्ज शेजारीशेजारी धरले. म्हणाले, अक्षर एकच कसं?
मन्मथ माझ्याकडं बघतच राहिला. मला धरणीत गडप व्हावं वाटलं.

२१ एप्रिल, पहाटे पाच
कारखाना चालू झाला. आवाजानंच जाग आली. उठलो. सात घमेली शेण काढलं. धुवायला पाणी न्हाई, तसाच उभा होतो.
कडी वाजली. मन्मथ. दोन्ही घागरी भरलेल्या.
उंबऱ्यात ठेवल्या आन गेला. सर म्हणाला न्हाई.