टेप न लावलेलं झाकण

५ जानेवारी

ती. मामा,
सा. न. वि. वि.

मी मजेत, आई माझ्यावर वैतागलेली, म्हणजे सगळं नॉर्मल. जेवणाच्या टेबलावर माझं आठ फुटी पंखांचं मॉडेल विमान पसरलंय आणि घरचे चार दिवस ताटं मांडीवर घेऊन जेवतायत. त्याच्या कॉकपिटवरचं झाकण मी फोमचं करतेय. गरम तारेने ठोकळा कापला, मग सँडपेपर. खाली बॅटरी असते, म्हणून ते पटकन उघडायला हवं. पुढे प्लायची जीभ खाचेत जाते, मागे दोन मॅग्नेट. काल मॅग्नेट चिकटवले ते उलटे! झाकण बसवलं की मागून टुणकन वर. बाबा म्हणाले, विमानाला तरी अक्कल आहे, नको म्हणतंय.

खरं भांडण आमच्या मॉडेल विमानांच्या क्लबात झालं. सेक्रेटरीकाका म्हणतात, फोमचं झाकण असेल तर वरून टेप मारायचीच. मी म्हटलं, मग ते झाकण कसलं, पार्सल झालं. तर म्हणे टेप नको असेल तर लिहून दे, हवेत काही सुटलं तर तुला वर्षभर मैदान बंद. मी सही ठोकून आले. अठराला उडवणार.

तू याच क्लबात होतास ना? टेपचं हे खूळ काढलं कुणी?

लोभ आहेच, पण उत्तर लवकर धाड.
तुझी भिंगरी

१० जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र वाचून हसलो, शेवटचा प्रश्न येईपर्यंत. ते खूळ माझ्यामुळे आलं. बारा वर्षांपूर्वी माझ्या विमानाचं फोमचं झाकण हवेत सुटलं, खालची बॅटरी निसटली आणि सेक्रेटरीच्या नव्या गाडीची काच फोडून आत बसली. दुसऱ्या दिवशी टेपचा नियम आला. मी पाठदुखीचं निमित्त सांगून क्लब सोडला. तुझ्या आईलाही पाठदुखीच माहीत आहे.

माझं चुकलं कुठे, ते ऐक. वेग वाढला की वरची हवा झाकणाला मधोमध ओढते. ते फुगतं, कडा सुटतात, मग मॅग्नेट बिचारे काय करणार? तेव्हा हट्ट सोड, टेप लाव. मैदानाबाहेर एक वर्ष कसं जातं ते मला विचार. माझी बारा गेली.

आशीर्वाद आहेतच, ऐकलंस तरी आणि नाही ऐकलंस तरी.
तुझा मामा

१८ जानेवारी

ती. मामा,
सा. न.

नाही ऐकलं. म्हणजे अर्धं ऐकलं. झाकणाला आतून फायबरग्लासचा थर दिला, मधोमध प्लायची बरगडी बसवली. फुगणंच बंद! जीभ दुप्पट लांब, मॅग्नेट चार, आणि या वेळी खुणा करून, सुलटे.

आज फुल स्पीडमध्ये सूर मारला, मग लूप. सेक्रेटरीकाका गाडी लांब लावून, मान वर करून उभे. काहीच सुटलं नाही! उतरल्यावर त्यांच्यासमोर एका बोटाने झाकण उघडून बॅटरी काढली. ते बराच वेळ आतली बरगडी चाचपत राहिले. मग म्हणाले, पुढच्या वेळी पुन्हा लिहून द्यावं लागेल, नियम तो नियम.

मग नियमच बदलू या की. अर्ज सोबत आहे: झाकण तपासा, टेपची सक्ती काढा. दोन सह्या लागतात, जुन्या सभासदाची चालते, मी विचारून घेतलंय. माझी केलीय. तुझी पोस्टाने नको. रविवारी मैदानावर ये आणि त्यांच्या नाकासमोर कर. पाठदुखीचं आईला मी काही बोलले नाहीये, ते तूच बघ.

लोभ असू दे. आणि या पत्रामुळे आटला असेल, तरी ये.
तुझी भिंगरी