गुलाबाची खालची फांदी

पुणे, २ सप्टेंबर २०२४

ती. मनूमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र. सोबत कागदी पाकिटं आहेत, त्यांचं कारण सांगते. आमच्या प्रयोगशाळेत सध्या जुन्या गावठी गुलाबांची कुळं शोधायचं काम चाललंय. पानातून डीएनए काढायचा आणि दुसऱ्या झाडांच्या डीएनएशी ताडून बघायचा, म्हणजे कोण कोणाचं ते कळतं. पाथरीहून आईच्या दारातल्या गुलाबाची पानं मी आणली आहेतच. येलदरीच्या आजीने तुम्हा दोघी बहिणींच्या ओटीत एकाच झाडाची एकेक काडी घातली होती, तेव्हा तुझा आणि आईचा गुलाब एकच निघायला हवा. तेवढं नक्की झालं की त्याचे मूळ आईबाप शोधता येतील.

पाच-सहा कोवळी पानं सावलीत वाळवून पाकिटात घाल. हा गुलाब निजामाच्या बागेतून आला असं आजोबा ठासून सांगायचे, त्याचंही एकदा काय ते होऊन जाईल.

लोभ आहेच, त्याच्यासोबत पानंही येऊ देत.
तुझी, शुभदा


ताडकळस, ११ सप्टेंबर

चि. सौ. शुभदा हिस,
अ. उ. आ.

पाकिटं मिळाली, पानं घालून परत पाठवते आहे. निजामाचं काय निघायचं ते निघू दे, पण आमच्या प्रियांकाचं लग्न आठ डिसेंबरला आहे हे विसरू नकोस. पाठवणीला नातीच्या ओटीत याच गुलाबाची काडी जाणार. येलदरीचं मूळ झाड तर तुझ्या मामाने घर विकलं तेव्हाच गेलं. आता आईचं म्हणून माझ्यापाशी एवढंच उरलं आहे. सकाळी पाणी घालताना मी त्याच्याशी दोन शब्द बोलते. हसलीस तरी चालेल.

तुझ्या काकांचं मात्र या झाडाशी कधी पटलं नाही. दाराशीच काटे, येता-जाता धोतर अडकायचं. मग म्हणायचे की तुझ्या माहेरानं पुन्हा धरलं बघ. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली.

सवडीने लिही, पण लिही.
तुझी मनूमावशी


पुणे, १४ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हे कसं लिहावं ते कळत नाही. आम्ही दोनदा तपासलं. तुझा आणि आईचा गुलाब एक नाही, लांबचं नातंही दिसत नाही. तुझी पानं नर्सरीत सर्रास सापडणाऱ्या एका रानगुलाबाशी जुळतात. पाकिटांची अदलाबदल झाली का तेही पाहिलं, तसं झालेलं नाही. मनाला लावून घेऊ नकोस असं लिहिणार होते, पण तू लावून घेशीलच.

मधे कधी झाड बदललं होतं का? आठवलं तर कळव, आणि माझ्यावर रागावू नकोस.
तुझी, शुभदा


ताडकळस, २० ऑक्टोबर

चि. सौ. शुभदा हिस,
अ. उ. आ.

तुझ्यावर कशाला रागावू? मला सगळं आठवतं. सत्त्याऐंशी साली आईच्या शेवटच्या दुखण्यात मी संक्रांतीनंतर येलदरीला गेले, ती तिचे दिवस करून वैशाखात परतले. दाराशी बघते तर गुलाबाचा वीतभर खुंट आणि त्याला एक फुटवा. तुझे काका म्हणाले की लय माजला होता, म्हणून छाटला. आई नुकतीच गेलेली, आणि यांनी तिचा गुलाब छाटलेला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढे कधीही भांडण झालं की मी तो छाटलेला गुलाब काढायचेच, आणि ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. आता कळलं की छाटला नव्हताच. आईचं झाड मेलं आणि त्यांनी बाजारचं रोप लावून मला फसवलं. सदतीस वर्षं मी कुणाशी बोलत होते? गेलेल्या माणसावर रागावू नये, पण मला राग आला आहे. सुनेला सांगून टाकलं की काडी नको, ओटीत नारळ पुरे.

एक कबूल करते. पानं तोडताना फुलाच्या फांदीला हात लावायचं जिवावर आलं. म्हणून बुंध्यातून सरळसोट वर येते, कधी फूल धरत नाही, त्या फांदीची पाठवली. ती मी दरवर्षी कापूनच टाकते. म्हटलं एकाच झाडाची पानं, काय फरक पडतो. आता तर काहीच पडत नाही.

तुझी मनूमावशी


पुणे, १८ नोव्हेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, सगळा फरक तिथेच पडतो. तुझं पत्र वाचल्याबरोबर मी प्रियांकाला फोन केला आणि तुला न विचारता फुलाच्या फांदीची पानं मागवली. ती आईच्या गुलाबाशी तंतोतंत जुळली. फुलं येतात तो गुलाब आजीचाच आहे, बुंधा तेवढा परका. कुणीतरी रानगुलाबाच्या खुंटावर आजीच्या गुलाबाचा डोळा भरला आहे, म्हणजे कलम केलं आहे. तू पानं पाठवलीस ती फांदी त्या खुंटाची.

त्याचे आईबापही सापडले. वास आला तो इराणकडच्या गुलाबाकडून, आणि बारा महिने फुलायची खोड चीनकडच्या गुलाबाकडून. निजाम कुठे भेटला नाही.

पण आजीने तर साधी काडी दिली होती, मग कलम केलं कोणी? आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली की मनूला मीच लिहिते.

काडीचं पुन्हा मनावर घे, एवढा हट्ट पुरव.
तुझी, शुभदा


पाथरी, २२ नोव्हेंबर

चि. मनू हिस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या दिनकररावांनी मला शपथ घातली होती, ती आज मोडते. तू येलदरीहून येशील तेव्हा झाड हिरवंगार दिसावं म्हणून त्यांनी त्याला युरिया घातला, चांगला दोन ओंजळी. चार दिवसांत झाड करपलं. मग एसटीने येऊन माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले की अक्का, तिकडं तिची माय जायलीय अन् इकडं म्या हे करून बसलो, आता तिला कोणत्या तोंडानं सांगू. माझ्या गुलाबाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या आणि मुंजाजी माळ्याकडून खुंटांवर डोळे भरून घेतले. त्यातला एकच जगला.

झाड मेलं हे तुला सांगण्यापेक्षा छाटलं म्हणून तुझे बोल खाणं त्यांना सोपं वाटलं. मी कितीदा म्हटलं की आता तरी सांगा. तर म्हणायचे की राहू द्या, तिचं माहेर हाय तिथंच हाय.

मला काय बोलायचं ते लग्नात बोल, मी येतेच आहे.
तुझी अक्का


ताडकळस, १२ डिसेंबर

चि. सौ. शुभदा हिस,
अ. उ. आ.

लग्न नीट पार पडलं. तू आली नाहीस, त्याचा हिशेब संक्रांतीला करू. प्रियांकाच्या ओटीत काडी घातली आणि तिला एकच बजावलं, की नवऱ्याच्या हाती युरिया देऊ नकोस. ती हसली, मग मला धरून रडली.

अक्काशी बोलायचं म्हणून लय ठरवलं होतं, पण ती समोर आली आणि मी तिला आधी जेवायला बसवलं. सदतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी त्या माणसाला बोलले, ती त्यांनी केलीच नव्हती. एकदा तरी त्यांनी उलटून बोलायचं होतं.

खालची फांदी या वर्षी कापली नाही. ती वरच्या गुलाबाचं बळ खाते हे मला माहीत आहे, तू सांगू नकोस. एकच ठेवली आहे. काल पाणी घालताना तिने माझा पदर धरला. मी तो लगेच सोडवला नाही.

या म्हातारीवर जीव आहे तसाच राहू दे.
तुझी मनूमावशी