तोच पंप

मोनाली मॅडम,

पंप दुरुस्तीच्या प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मी उठून गेलतो. तुमी बॅटरीवरचा फवारणी पंप समोर ठेवला अन् मी सवयीनं त्याले कान लावला. सगळे हसले. वीस वर्षं कळंबात हातानं हापसायच्या फवारणी पंपाचा बिघाड मी कानानंच ओळखला होता. मग परदेशातून हे बॅटरीचे स्वस्त पंप आले अन् मी दुकानात माशा मारत बसलो.

दुसऱ्या दिवशी तुमी दुकानात आल्या. म्हणाल्या, "नौशादभाऊ, मोटारही बोलते. कान सोडू नका, वीज मोजायचं मीटरही शिका." आता तेच पंप माह्याकडे दुरुस्तीले येतात.

एक गोष्ट तुमाले सांगतली नाही. दोन वर्षांआधी माह्या जुन्या गिऱ्हाईक इंदूबाई असा पंप घ्यायले निघाल्या, तवा मी म्हणलो होतो, "बाहेरचा माल आहे, पाठीवर फुटते." काल त्या नवा पंप दाखवायले आल्या. ही दोन वर्षं जुन्याच पंपाचा दांडा हापसून त्यायचा खांदा पार गेला आहे. म्हणाल्या, "तवाचे खराब होते, आता सुधारले असतील, नाही का रे?"

मी हो म्हणलो.

पंप तोच आहे, मॅडम. तवा मी एकही खोलून पाह्यला नव्हता.

हे पत्र आताच टाकत नाही. आधी इंदूबाईकडे जाऊन येतो.

तुमचा विद्यार्थी,
नौशाद